मॅटवरची चादर

स्लीपिंग बॅगमधली पिसं पाठीखाली चेपली गेली की ऊब देत नाहीत. एवढ्या एका निरीक्षणाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेतल्या लांब पायवाटांवर झोपायची पद्धत पालटून टाकली. निरीक्षण खरं आहे. बदकाच्या किंवा हंसाच्या मऊ पिसांना स्वतःची ऊब नसते. ती फुलतात, त्यांच्या फटींत हवा अडकते आणि ती अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर निसटू देत नाही. माणूस वर आडवा झाला की ही हवा निघून जाते. मग पाठीखालची पिसं, त्यांच्या दोन्ही बाजूंचं कापड आणि कडेची लांबलचक चेन हे ओझं दिवसभर वाहायचं कशाला? तेवढा भाग कापून टाकायचा. उरतं ते पायाकडे खोळ असलेलं, बाकी मोकळं पांघरूण. त्याला तिकडे क्विल्ट म्हणतात. जमिनीची थंडी अडवायचं काम खालच्या मॅटचं.

हा युक्तिवाद ज्यांच्या लिखाणामुळे सगळीकडे पोचला ते रे जार्डिन मुळात एरोस्पेस इंजिनिअर आणि प्रस्तरारोहक. खडकाच्या भेगेत बसवायची 'फ्रेंड्स' नावाची साधनं त्यांनीच शोधून काढली. १९९२ साली त्यांनी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर चालणाऱ्यांसाठी हँडबुक लिहिलं. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंतची ही वाट सुमारे ४,२६५ किलोमीटरची. एवढं चालायचं तर पाठीवरचा प्रत्येक ग्रॅम हजारो किलोमीटर उचलावा लागतो, म्हणून आपलं वजन माणसाने का वाहावं याचा जबाब प्रत्येक वस्तूने दिला पाहिजे, असा त्यांचा खाक्या होता. या विचारातून जी अल्ट्रालाइट मंडळी तयार झाली त्यांनी खाणं, पाणी आणि इंधन सोडून पाठीवर साडेचार किलोच्या आत सामान ठेवायचं हे जवळजवळ व्रत केलं. टूथब्रशचा दांडा कापणारे लोक ते हेच. त्यांची टिंगल करणं सोपं आहे, पण साठ-सत्तर लिटरची फुगलेली सॅक घेऊन कुलंग किल्ल्याची चढण चढलेल्या माणसाने ती करू नये.

माझा वाद क्विल्टशी नाही. क्विल्ट उत्तम वस्तू आहे. वाद आहे तो तिच्या हिशेबाशी. बॅगेचा खालचा भाग ऊब देत नव्हता म्हणून तो निरुपयोगी ठरला, पण तो भाग आणखी काही करत होता की नाही हे कुणी पाहिलंच नाही. ऊब मोजता येत होती आणि वजनही मोजता येत होतं. ज्या गोष्टी मोजल्या जात नव्हत्या त्या कात्रीखाली गेल्या, आणि त्यांची आठवण झाली ती रात्री मॅटवर पाठ टेकल्यावर.

तो भाग करत काय होता? अंग आणि प्लास्टिक यांच्यामध्ये तो कापड ठेवत होता.

हलक्या ट्रेकिंग मॅट हल्ली बहुतेक हवा भरायच्या असतात. बाहेरून पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टर, आतून हवा न निसटू देणारा प्लास्टिकचा थर. या मॅटची हवा जितकी पक्की अडकते तितकं तिच्यातून बाष्पही जाईनासं होतं, आणि हे कामाचंच आहे. पण माणूस झोपेतही कोरडा नसतो. घाम आल्याचं जाणवत नसतानाही कातडीतून दिवसाकाठी काहीशे मिलिलिटर पाणी वाफ होऊन जात असतं. वरच्या बाजूने ते क्विल्टमधून निघून जातं. खालच्या बाजूने जाणार कुठे? मॅट त्याला वाट देत नाही, अंगाचा भार बाजूलाही जाऊ देत नाही. दंड, पोटऱ्या, मानेची मागची बाजू, कुशीवर झोपणाऱ्याचा गाल, जिथे जिथे उघडी कातडी मॅटला टेकते तिथे ओलसर थर जमतो. कूस बदलताना तो आधी चिकटतो आणि मग हवा लागून एकदम गार पडतो. गरम रात्री पहिल्या गोष्टीचा वैताग, थंड रात्री दुसऱ्याचा.

मध्ये एखादं पातळ कापड आलं की हे सगळं बदलतं, आणि त्याचं कारण उबेत नाही. विणलेल्या कापडाच्या तंतूंमुळे कातडी पृष्ठभागाला कमी ठिकाणी टेकते, म्हणून पहिला स्पर्श कमी गार लागतो. ओल एका जागी न साचता कापडातून कडेपर्यंत पसरते आणि तिथे वाळते. कापड कातडीबरोबर किंचित सरकतं, त्यामुळे ओढाताण होत नाही. शंभर ग्रॅमच्या कापडाने मॅटच्या उष्णतारोधक शक्तीत जाणवण्यासारखी भर पडत नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. मॅटवर चादर घातली की गरम झोप लागते असं कुणी सांगत असेल तर ते खरं मानू नका. मॅट मुळात हवामानाला अपुरी असेल तर तिच्याखाली फोमची दुसरी मॅट टाका. दोन्हींचे आकडे सरळ बेरजेत जमा होतात, आणि त्या जागी चादर काही करू शकत नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे. मॅट किती थंडी अडवते याच्या मापाला आर-व्हॅल्यू म्हणतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ते मोजायची आणि दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसायचा. एएसटीएम एफ ३३४० हे समान प्रमाण आल्यावर २०२० च्या सुमारास बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ते स्वीकारलं, आणि ग्राहकाला पहिल्यांदा खरी तुलना करता आली. ही चांगलीच गोष्ट झाली. घडीच्या फोमच्या मॅटचा आकडा साधारण २ असतो, बर्फावर झोपायच्या मॅटचा ५ किंवा त्याहून वर. पण मोजणी होते कशी? एक गरम पत्रा, एक थंड पत्रा, मध्ये फुगवलेली मॅट, आणि गरम पत्रा गरम ठेवायला किती ऊर्जा लागते त्याची नोंद. पत्र्याला घाम येत नाही, पत्रा कूस बदलत नाही. स्लीपिंग बॅगांच्या चाचणीत माणसाच्या आकाराचा तापवलेला पुतळा वापरतात, पण तो पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायजमा आणि मोजे घालून झोपलेला असतो. म्हणजे मॅटला उघडी कातडी टेकली की काय होतं हा प्रश्न दोन्ही चाचण्यांत उद्भवतच नाही. प्रयोगशाळेचा दोष नाही, तिला तो प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. दोष आहे तो पाकिटावरचे दोन आकडे वाचून झोपेचा निकाल लावणाऱ्यांचा.

यावर अल्ट्रालाइट पंथाचं ठरलेलं उत्तर असं: पुतळा कपडे घालतो तसे तुम्हीही घाला. मेरिनो लोकरीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि घोट्यापर्यंतची विजार, की झालं काम. मेरिनोचे कपडे थंडीसाठी सोबत असतातच, मग वेगळी चादर कशाला? उत्तर वजनदार आहे आणि शून्याच्या आसपास तापमान असताना बरोबरही आहे. पण क्विल्टचा सगळ्यात मोठा फायदा कुठल्या रात्री मिळतो ते पाहा. कडाक्याच्या थंडीत क्विल्टच्या कडेने वारा शिरतो, तिला पट्ट्या लावून मॅटला बांधावं लागतं आणि तेव्हा अनेक अनुभवी लोक पुन्हा स्लीपिंग बॅगकडे वळतात. क्विल्ट खुलते ती बारा-पंधरा अंशांच्या रात्री. तेव्हा पाय बाहेर काढता येतो, छातीपर्यंत ओढून घेता येते, चेनशी झगडावं लागत नाही. नेमक्या याच रात्री कुणी गळ्यापासून घोट्यापर्यंत लोकर चढवून झोपणार नाही. जिथे क्विल्ट सर्वांत सुखाची, तिथेच कपड्यांचा तोडगा निकामी होतो.

दुसरं उत्तर लायनरचं. लायनर म्हणजे चादर दुमडून शिवलेली पिशवी, तिच्यात शिरून झोपायचं. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या यूथ हॉस्टेल्समध्ये अनेक वर्षं पाहुण्याला अशी शिवलेली चादर वापरावीच लागे, कारण ब्लँकेटं सगळ्यांची असत आणि ती रोज धुणं शक्य नव्हतं. तिथे लायनरला पूर्ण अर्थ होता. क्विल्टखाली मात्र तो उरत नाही. क्विल्टचं स्वतःचं अस्तर मऊ कापडाचंच असतं, म्हणजे लायनरचा वरचा अर्धा भाग कापडावर कापड एवढंच काम करतो. शिवाय रात्री तो पायांभोवती पिळतो आणि क्विल्ट घेऊन मिळवलेली मोकळीक हिरावून घेतो. जी कात्री बॅगेच्या खालच्या भागावर चालली तीच लायनरच्या वरच्या भागावर चालवा, हाती उरेल ती मॅटवरची चादर. क्विल्टवाल्यांनी आपलाच तर्क पुढे नेला असता तर ते इथवर सहज पोचले असते.

बाजारातले काही लोक पोचलेच होते. कोलोरॅडोतल्या बिग ॲग्नेस कंपनीने २००० नंतरच्या काळात अशा स्लीपिंग बॅगा आणल्या, ज्यांच्या खालच्या बाजूला पिसं नव्हती, पण कापड होतं. त्या कापडाची खोळ करून तिच्यात मॅट सरकवायची. तर्क जार्डिन यांचाच, पण कात्री एक थर आधी थांबली. या बॅगा हलक्या वस्तूंच्या शर्यतीत मागे पडल्या हे खरं. तरी मॅट अंगाखालून निसटत नाही आणि पाठीला कापड लागतं हे त्यांच्या वापरणाऱ्यांना आवडायचं. पुढे झेनबिव्ही या कंपनीने मॅटवर ताणून बसवायची चादर आणि तिला कडेने जोडता येईल अशी क्विल्ट एकत्र विकायला सुरुवात केली. खाली चादर, वर पांघरूण, दोन्ही सुटे, हवं तर जोडता येणारे. म्हणजे घरचा बिछाना. आधी तो मोडून टाकला, मग त्याचा एकेक तुकडा वेगळ्या किमतीला परत आणला, आणि यात बाजाराचं काहीच नुकसान झालं नाही.

इथे आपल्याकडे एक मोह होतो. सह्याद्रीत फिरणारी मंडळी पूर्वीपासून कॅरीमॅटवर चादर टाकतात आणि वरून रग किंवा शाल ओढतात, तेव्हा आपल्याला हे सगळं आधीच ठाऊक होतं असं म्हणायचा. मी म्हणणार नाही. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत आपण चादर टाकतो ती घरी टाकतो म्हणून, आणि गुहेतली धूळ कॅरीमॅटला लागलेली असते म्हणून. ती चादर बहुतेकदा सुती असते, घरच्या पलंगाच्या मापाची असते, कॅरीमॅटच्या दुप्पट रुंद असते आणि निम्मी रात्र ती गोळा होऊन पाठीखाली टोचत असते. पावसाळ्यात एकदा भिजली की ट्रेक संपेपर्यंत वाळत नाही आणि सॅकमध्ये तिचं ओझं दुप्पट होतं. सवय चांगली आहे, वस्तू चुकीची आहे. सुती कापड मात्र इथे सरसकट बाद करायचं कारण नाही. ओलं सुती कापड अंगावर घालून थंड वाऱ्यात चालणं धोक्याचं, पण मॅटवरची चादर ओली झाली तर ती काढून ठेवता येते. डिसेंबरात राजमाचीला एका रात्रीपुरतं जायचं असेल तर जुन्या साडीच्या मऊ तुकड्याहून सुखाचं काही मिळणार नाही. हिमालयात आठ-दहा दिवस जायचं असेल तर तो घरी ठेवा.

मग कापड कुठलं? रेशीम अंगाला छान आणि वजनाला हलकं, पण मॅटच्या नायलॉनवर ते घसरतं आणि उतारावर तंबू असला की पहाटे माणूस तंबूच्या भिंतीला टेकलेला सापडतो. पातळ नायलॉनचं विणलेलं कापड टिकाऊ, पण प्लास्टिकवर आणखी गुळगुळीत काहीतरी घातल्यासारखं वाटतं, त्याने चिकटणं थांबतं, बाकी फारसा फरक पडत नाही. पातळ फ्लीस थंडीत उत्तम, एप्रिलमध्ये नको. माझं मत खेळाडूंच्या टी-शर्टला वापरतात त्या पातळ, जाळीदार विणीच्या पॉलिएस्टरला. ओल पसरवायला ते बनवलेलंच असतं, थोडं ताणलं जातं म्हणून मॅटवर घट्ट बसतं, आणि धुऊन टाकलं तर सकाळच्या वाऱ्यात वाळतं. काही मॅट अंग हललं की आतल्या परावर्तक थरामुळे चुरचुरतात आणि शेजारच्या तंबूपर्यंत ऐकू जातात. ताणून बसवलेल्या कापडाने तो आवाज थोडा दबतो, पूर्ण जात नाही. स्वच्छतेचा मुद्दा उरतो. अंगाचं तेल, सनस्क्रीन आणि डासांचं मलम मॅटवर बसत जातं, आणि डीट असलेलं मलम तर काही प्लास्टिकना खातंच. मॅट धुणं कटकटीचं, चादर धुणं सोपं.

आता वजन. नेहमीच्या मॅटचं माप १८३ बाय ५१ सेंटिमीटर, म्हणजे वरचा पृष्ठभाग एक चौरस मीटरहून थोडा कमी. चौरस मीटरला १०० ग्रॅमचं कापड घेतलं, कडा खाली दुमडायला जागा ठेवली आणि चार कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलं तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतं. फक्त खांद्यापासून मांडीपर्यंत झाकलं तर ७०-८० ग्रॅम. १२० ग्रॅम म्हणजे फुलपात्रभर पाणी. पुढचा झरा किती दूर आहे याची खात्री नसल्याने आपण याच्या कितीतरी पट पाणी रोज उगाच वाहतो आणि त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. अल्ट्रालाइट मंडळी म्हणतील की असं एकेक फुलपात्र करतच सॅक जड होते. बरोबर आहे. म्हणून प्रत्येक फुलपात्राने जबाब द्यावा, आणि चादरीचा जबाब असा की दिवसातले सात-आठ तास माणूस तिच्यावर असतो. तीस-पस्तीस किलोमीटर चालून आलेल्याची झोप चार ठिकाणी तुटली तर दुसऱ्या दिवशी पाय जड होतात. हे जडपण काट्यावर दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही.

हलकं चालण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक प्रकार एमा गेटवुड यांचा. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, या आजीबाई अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल ही लांब पायवाट एकट्या चालून गेल्या. ही संपूर्ण वाट एका दमात एकटीने चालणारी पहिली स्त्री असा त्यांचा मान आहे. खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, आत एक ब्लँकेट, पाऊस आला तर पांघरायला प्लास्टिकचा पडदा, पायात कॅनव्हासचे बूट. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. त्यांचं सामान कमी होतं कारण वस्तूच कमी होत्या आणि एकेक वस्तू पाच कामं करायची. ब्लँकेट खाली घेता येत होतं, वर घेता येत होतं, अंगाभोवती गुंडाळता येत होतं. दुसरा प्रकार नंतरचा. त्यात प्रत्येक वस्तूला एकच काम नेमून दिलं जातं आणि त्या कामाला लागत नाही तेवढं तिच्यातून कापलं जातं. क्विल्ट ऊब देते, मॅट थंडी अडवते, उशी डोकं धरते. प्रत्येक वस्तू आपल्या कामात निष्णात, पण दोन कामांच्या मधल्या फटीत जे पडतं त्याला कुणी वाली नाही. पाठ आणि प्लास्टिक यांच्यामधली जागा ही अशीच फट. अल्ट्रालाइट मंडळी गेटवुडबाईंचं नाव आदराने घेतात, त्यांना आपली आद्य आजी मानतात, पण हिशेब मात्र दुसऱ्या प्रकाराने करतात. एका जादा वस्तूचं नाव काढलं की त्यांच्या पोटात गोळा येतो तो यामुळे. सॅकमध्ये आधीच असलेल्या वस्तूला आणखी एक काम देता येईल का, हा गेटवुडबाईंचा प्रश्न अशा वेळी त्यांना सुचतोच असं नाही.

तो विचारला तर चादर विकत घ्यावी लागत नाही, शिवावीही लागत नाही. ५१ सेंटिमीटर रुंद आणि सहा-सात सेंटिमीटर जाड मॅटचा घेर साधारण ११५ सेंटिमीटर होतो. एक्सएल मापाचा पातळ पॉलिएस्टर टी-शर्ट एवढ्या घेरावर थोडा ताणून बसतो. प्रत्येक ट्रेकरच्या सॅकमध्ये एक जादा टी-शर्ट असतोच. मॅट अर्धवट फुगवा, टी-शर्ट खालच्या कडेकडून तिच्यावर चढवा, बाह्या मॅटखाली सारा आणि मग पूर्ण हवा भरा. खांद्यापासून कमरेपर्यंतची जागा, म्हणजे जिथे अंग सर्वांत जास्त टेकतं ती, झाकली जाते. वजन एक ग्रॅमनेही वाढत नाही. पुढच्या ट्रेकला एवढं करून पाहा, आणि त्यानंतर चादरीवर १२० ग्रॅम खर्च करायचे की नाही ते ठरवा. फक्त ग्रुपचं नाव आणि किल्ल्याचं चित्र छापलेला टी-शर्ट घेऊ नका, घेतलाच तर छपाईची बाजू खाली ठेवा. त्या छपाईत प्लास्टिकच असतं आणि ते पाठीला मॅटइतकंच चिकटतं.